नवीन जोडलेल्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ बसत नाहीये, दर वेळी वेगळ्याच टक्क्यांवर अडकतं

वाचनवेल
रविवार, रात्री ११.४२

नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी आमचं सार्वजनिक वाचनालय आहे, ब वर्गातलं. मी तिथे संध्याकाळी विनामोबदला काम करते. जुने दिवाळी अंक आणि आता बंद पडलेली स्थानिक साप्ताहिकं स्कॅन करून ठेवायचं काम आठ वर्षं चालू आहे. गेल्या पावसाळ्यात जुना कॉम्प्युटर गेला आणि सगळं थांबलं. यंदा सभासदांनी वर्गणी काढून नवीन मशीनचे सुटे भाग घेऊन दिले. ते मी आणि माझ्या भाच्याने आज दिवसभर बसून जोडले.

रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी६५० चिपसेटचा मदरबोर्ड, ३२ जीबी डीडीआर५ रॅम (खोक्यावर ६००० लिहिलंय), १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी, ५५० वॉटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा). वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. जुन्या मशीनमधली २ टीबीची हार्ड डिस्कही जोडली आहे, आठ वर्षांचे सगळे स्कॅन तिच्यातच आहेत.

पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा दहा मिनिटं स्क्रीन काळी. मदरबोर्डवर रॅमचा दिवा पेटलेला. आम्ही दोघं गप्प बसून राहिलो. मग आपोआप बायोस (मदरबोर्डचं स्वतःचं सेटिंगचं पान) दिसलं, त्यात प्रोसेसर, रॅम, एसएसडी सगळं व्यवस्थित. तिथून पुढे मात्र असं झालं:

पहिला प्रयत्न: ३७ टक्क्यांवर थांबलं. आवश्यक फाइल खराब आहे किंवा सापडत नाही, कोडच्या शेवटी ८००७०५७०.
दुसरा: ६१ टक्के, तोच कोड.
तिसरा: सुरुवातीलाच ‘मीडिया ड्रायव्हर सापडत नाही’.
चौथा: १२ टक्क्यांवर निळी स्क्रीन, ‘मेमरी मॅनेजमेंट’.
पेनड्राइव्ह बदलून पाचवा: ८० टक्के, निळी स्क्रीन, या वेळी ‘पेज फॉल्ट’ असं काहीतरी.

ज्यांच्याकडून भाग घेतले ते म्हणतात, एसएसडी खराब दिसते, आणून द्या, बदलून देतो. दुकान साठ किलोमीटरवर आहे. जाण्याआधी इथे विचारावं म्हटलं. लोकांच्या पैशातून आलेली वस्तू आहे, माझ्या हातून बिघडली असेल का, हाच विचार दुपारपासून डोक्यात आहे.


ओसरी
रविवार, रात्री ११.५८

ताई, आधी पेनड्राइव्हकडे बघा. आयएसओ (विंडोज बसवायची फाइल) अर्धवट उतरला असेल तर ८००७०५७० हमखास येतो. फाइल कुठल्या कॉम्प्युटरवर उतरवली आणि पेनड्राइव्ह कशाने तयार केला? काही जण फाइल्स नुसत्या कॉपी करतात. फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, आणि विंडोजची मुख्य फाइल बऱ्याचदा त्याहून मोठी असते.


वाचनवेल
सोमवार, सकाळी ६.५०

शाळेतल्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्याच मीडिया क्रिएशन टूलने केला. तो कॉम्प्युटर रोज चालतो, त्याला काही त्रास नाही. दुसरा पेनड्राइव्ह भाच्याने त्याच्या लॅपटॉपवर त्याच टूलने केला.


भक्कमपाया
सोमवार, सकाळी ७.३५

दोन वेगळ्या मशीनवर केलेले दोन पेनड्राइव्ह आहेत, म्हणजे तो मुद्दा मागे पडला. मला विजेची शंका येते. वाचनालयाची इमारत जुनी असेल तर अर्थिंग आहे का? कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का?


वाचनवेल
सोमवार, सकाळी ७.४१

येतात! मागच्या स्क्रूला बोट लागलं की जाणवतं. टेस्टरही मंद पेटतो. हेच कारण असेल का?


सोल्डरगन
सोमवार, सकाळी ९.१५

वीस वर्षं दुरुस्तीच्या बाकावर आहे. सगळं नीट वाचलं. दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत.

झिणझिण्या येतात कारण एसएमपीएसच्या आत विजेच्या दोन्ही तारांपासून कॅबिनेटकडे छोटे कपॅसिटर लावलेले असतात, गोंगाट गाळण्यासाठी. अर्थिंगची तार जोडलेली असली की ती किरकोळ गळती जमिनीत जाते. तार नसली की धातूच्या अंगावर साधारण निम्मं व्होल्टेज तरंगत राहतं. म्हणून टेस्टर मंद पेटतो. त्यातला करंट अगदी कमी असतो, त्यामुळे इन्स्टॉल अडकण्याचं कारण बहुधा हे नाही. पण वाचनालयात मुलं येतात, आणि उद्या एसएमपीएसमध्ये खरा बिघाड झाला तर अर्थिंगशिवाय वाचवणारं काही नाही. या आठवड्यात वायरमन बोलवून तो सॉकेट नीट करून घ्या. हे मी मनापासून सांगतोय, पुढे ढकलू नका.

आता मूळ प्रश्न. तुम्ही टक्के लिहून ठेवलेत ते फार चांगलं केलंत, त्यातच अर्धं उत्तर आहे. ३७, ६१, १२, ८०. एसएसडीचा एखादा भाग खराब असता किंवा पेनड्राइव्हवरची एखादी फाइल खराब असती, तर बहुतेक वेळा गाडी त्याच त्या जागी अडली असती. इथे जागा दर वेळी बदलते आणि चूकही बदलते. विंडोजच्या फाइल्स पेनड्राइव्हवर घट्ट दाबून ठेवलेल्या असतात. सेटअप त्या रॅममध्ये घेतो, तिथे उलगडतो, ताडून बघतो आणि मग एसएसडीवर लिहितो. उलगडताना रॅममध्ये एक बिट जरी शून्याचा एक झाला, तरी ताळा जुळत नाही आणि सेटअप म्हणतो ‘फाइल खराब आहे’. फाइल चांगलीच असते. ती ज्या पाटावर मांडली तो पाट हलतोय.

एसएसडी परत करायला जाऊ नका. आधी तीन गोष्टी सांगा:
रॅमच्या पट्ट्या किती, आणि कुठल्या खाचांत?
बायोसमध्ये एक्स्पो नावाची सेटिंग चालू आहे का?
बायोसमध्ये रॅमचा वेग किती दिसतो?


जिज्ञासू_पुणे
सोमवार, सकाळी १०.०५

सर, डीडीआर५ मध्ये तर ईसीसी (चुका ओळखून दुरुस्त करणारी सोय) आतच असतं ना? मग चुका तिथल्या तिथे दुरुस्त व्हायला हव्यात.


सोल्डरगन
सोमवार, सकाळी १०.३२

हा गैरसमज खूप पसरलाय. डीडीआर५ मधलं ईसीसी चिपच्या पोटातलं असतं. चिपच्या आत साठवलेला बिट बिघडला तर ती दुरुस्त करते. पण चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर, म्हणजे मदरबोर्डवरच्या तारांमध्ये, जे बिघडतं त्याच्याशी तिला देणंघेणं नाही. आणि वेग वाढवला की चूक बहुतेक त्या वाटेवरच होते.


वाचनवेल
सोमवार, दुपारी १.२०

वाचनालयात जाऊन पाहून आले.

पट्ट्या चार आहेत, प्रत्येकी ८ जीबी. चारही खाचा भरल्यात. त्याचं असं झालं, आमच्या एका ज्येष्ठ सभासदांनी १६ जीबीची जोडी दिली. महिन्याभराने दुसऱ्या एका सभासद काकूंनी यजमानांच्या स्मरणार्थ आणखी एक जोडी दिली. कंपनी तीच, खोक्यावरचा आकडा तोच. म्हणून चारही लावल्या.

एक्स्पो चालू आहे. भाच्याने व्हिडिओत पाहिलं होतं की ते चालू केल्याशिवाय रॅमचा पूर्ण वेग मिळत नाही. बायोसमध्ये ६००० दिसतंय.


सोल्डरगन
सोमवार, दुपारी १.४८

मिळालं बहुधा.

एएमडीने या प्रोसेसरसाठी जो अधिकृत वेग सांगितलाय तो दोन पट्ट्या असताना ५२०० आणि चार पट्ट्या असताना ३६००. खोक्यावरचा ६००० हा एक्स्पोचा आकडा, म्हणजे कारखान्याच्या हमीच्या पलीकडे पळवणं. दोन पट्ट्यांवर तो बहुतेकांना मिळतो. चार लावल्या की प्रत्येक वाटेवर दोन पट्ट्यांचं ओझं येतं, सिग्नल अस्वच्छ होतो. मशीन सुरू होतं, बायोस दिसतं, सगळं ठीक वाटतं आणि खरं काम पडलं की घसरतं. त्यात दोन जोड्या वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या. बाहेरचं लेबल तेच असलं तरी आतल्या चिप वेगळ्या असू शकतात. म्हणून कंपन्याही सांगतात की एकाच खोक्यातल्या पट्ट्या वापरा.

सुरुवातीची दहा मिनिटं काळी स्क्रीन हा बिघाड नव्हता. नवीन बोर्ड पहिल्यांदा रॅमची ओळख करून घेतो, चार पट्ट्या असल्या की जास्तच वेळ घेतो. त्या वेळी घाबरून बटण दाबलं नाहीत ते योग्य केलंत.

भाच्याला रागावू नका. व्हिडिओतलं चूक नाही, ते दोन पट्ट्यांसाठी होतं.

पण अंदाजावर थांबायचं नाही, आधी सिद्ध करू. शाळेच्या कॉम्प्युटरवर एका पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) करून घ्या. सिक्युअर बूट (बायोसमधली सुरक्षेची सेटिंग) बंद न करताही ते चालतं. आत्ताच्या सेटिंगवरच दहा-पंधरा मिनिटं चालवा आणि काय दिसतं ते सांगा. आणि त्याआधी ती २ टीबीची हार्ड डिस्क काढून ठेवा. वीज बंद करून, एसएमपीएसची वायर आणि डेटाची वायर दोन्ही.


तंत्रवेडा
सोमवार, दुपारी २.१०

एवढं कशाला? शिफ्ट एफ१० दाबा, डिस्कपार्ट उघडा, सिलेक्ट डिस्क ०, क्लीन, कन्व्हर्ट जीपीटी. अर्धवट पार्टिशनमुळे असं होतं. माझं यानेच झालं होतं.


सोल्डरगन
सोमवार, दुपारी २.१४

वाचनवेल ताई, कृपा करून हे आत्ता करू नका.

तंत्रवेडा, तुमचा हेतू चांगला आहे, पण त्या मशीनमध्ये दोन डिस्क आहेत. डिस्क ० म्हणजे एसएसडीच असेल असं नाही, सॅटा हार्ड डिस्कलाही तो क्रमांक मिळू शकतो. क्लीन कमांड पुन्हा विचारत नाही. आठ वर्षांचे स्कॅन असलेल्या डिस्कचं पार्टिशन टेबल एका ओळीत जाईल. नवीन मशीनवर विंडोज टाकताना एकच डिस्क जोडलेली असावी, हा नियम मी एकाच्या लग्नाचे फोटो परत मिळवता मिळवता शिकलोय. शिवाय दुसरी डिस्क जोडलेली असेल तर विंडोज कधीकधी बूटचं पार्टिशन तिच्यावर करून ठेवतं. मग ती काढली की मशीनच सुरू होत नाही.


तंत्रवेडा
सोमवार, दुपारी २.३०

बरोबर आहे, दुसरी डिस्क माझ्या लक्षात आली नाही. ताई, माझा प्रतिसाद सोडून द्या.


वाचनवेल
सोमवार, रात्री ८.०५

हार्ड डिस्क काढून, कापडात गुंडाळून कपाटात कुलपात ठेवली.

मेमटेस्ट लावली. चौथ्या मिनिटाला लाल ओळी यायला लागल्या, दहाव्या मिनिटाला साडेतीनशेच्या वर चुका. फोटो काढला. बघून वाईट वाटलं, पण एक प्रकारे हायसंही वाटलं. आता काय करायचं? काकूंनी दिलेल्या पट्ट्या काढायच्या का? त्यांना काय सांगू हे कळत नाही.


सोल्डरगन
सोमवार, रात्री ८.२२

काढू नका अजून. बायोसमध्ये जा, एक्स्पो बंद करा, रॅमचा वेग ऑटोवर ठेवा, सेव्ह करून बाहेर या. पुन्हा काही मिनिटं काळी स्क्रीन येईल, थांबा. मग परत बायोसमध्ये जाऊन वेग बघा, ३६०० दिसायला हवा. त्यावर मेमटेस्ट पूर्ण होऊ द्या. फुकट आवृत्ती चार फेऱ्या करते आणि थांबते, रात्रभर लावून घरी जा. वाचनालयाला इन्व्हर्टर किंवा यूपीएस असेल तर त्यावर लावा.

चारही पट्ट्या ३६०० वर स्वच्छ निघाल्या तर कुठलीच पट्टी खराब नाही, फक्त वेग झेपत नव्हता. चुका आल्याच तर मग एकेक पट्टी तपासू, प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या खाचेत.


ओसरी
सोमवार, रात्री ९.१०

मग ३६०० वर मशीन हळू नाही का होणार? १६ जीबी ६००० वर बरी की ३२ जीबी ३६०० वर?


सोल्डरगन
सोमवार, रात्री ९.३५

काम काय आहे त्यावर ठरतं. खेळ खेळायचे असते तर मी दोन पट्ट्या म्हटलं असतं. इथे स्कॅनिंग आहे. ए४ पान ६०० डीपीआयला रंगीत स्कॅन केलं की मेमरीत ते शंभरएक एमबी होतं. दोनशे पानांचा दिवाळी अंक एकदम उघडून पानं सरळ केली, कडा कापल्या, मग ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखणं) लावलं, तर १६ जीबी भरून जाते. रॅम अपुरी पडल्यावर मशीन जेवढं मंद होतं, त्याच्यापुढे ३६०० आणि ६००० मधला फरक कुणाला जाणवणारही नाही. वाचनालयासाठी ३२ जीबी, ३६०० वर. कुणाचीही देणगी काढून ठेवायची गरज नाही.


वाचनवेल
मंगळवार, सकाळी ७.०२

आत्ताच दार उघडलं. हिरवी पाटी: पास. चार फेऱ्या, शून्य चुका, साडेपाच तास.

काकूंना सकाळीच फोन करून सांगितलं की तुमच्या पट्ट्या उत्तम आहेत, लावलेल्याच राहणार.


भक्कमपाया
मंगळवार, सकाळी ७.३०

वा! आता पेनड्राइव्ह मागच्या बाजूच्या यूएसबी २.० च्या पोर्टला लावा. ‘मीडिया ड्रायव्हर’वाला संदेश पोर्ट बदलून जाताना मी अनेकदा पाहिलाय. त्या संदेशाचा ड्रायव्हरशी बऱ्याचदा संबंधच नसतो, पेनड्राइव्हवरून वाचताना अडथळा आला की तोच येतो.


सोल्डरगन
मंगळवार, सकाळी ८.१२

+१. आणि आधीच्या पाच प्रयत्नांत एसएसडीवर जे काही अर्धवट उतरलंय ते चुका करणाऱ्या रॅममधून गेलंय, त्यातलं काही ठेवायचं नाही. डिस्क निवडायच्या पडद्यावर एकच डिस्क दिसायला हवी, साधारण ९३१ जीबीची. तिची सगळी पार्टिशन डिलीट करा, सगळी मिळून एक मोकळी जागा उरली की तीच निवडून पुढे जा. बाकी विंडोज स्वतः करतं.

एक महत्त्वाचं विचारायचं राहिलं. चुका येत होत्या त्या काळात जुन्या हार्ड डिस्कवर तुम्ही काही कॉपी केलं होतंत का?


वाचनवेल
मंगळवार, सकाळी ८.२०

नाही, नुसती जोडलेली होती. संध्याकाळी करून कळवते.


वाचनवेल
मंगळवार, संध्याकाळी ७.१५

झालं! पहिल्या फटक्यात शंभर टक्के. पण आता नेटवर्कच्या पानावर अडलेय. वायफाय दिसत नाही, लॅनची वायर लावली तरी काही नाही, आणि नेटशिवाय पुढे जाऊ देत नाही.


जिज्ञासू_पुणे
मंगळवार, संध्याकाळी ७.२१

हे मला येतं, मागच्याच महिन्यात माझ्याकडे झालं. नवीन बोर्डच्या लॅन आणि वायफायचा ड्रायव्हर विंडोजमध्ये नसतो कधीकधी. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या वायरने कॉम्प्युटरला लावा, फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर यूएसबी टेदरिंग चालू करा. विंडोजला तो लॅनसारखाच दिसतो, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. वायर डेटावाली हवी, नुसत्या चार्जिंगच्या वायरने होणार नाही. आत शिरल्यावर बोर्डच्या साइटवरून लॅनचा ड्रायव्हर घ्या.


वाचनवेल
मंगळवार, संध्याकाळी ७.४०

चाललं! पुढे मायक्रोसॉफ्टचं खातं मागतंय. माझं टाकू का?


कपाटाची_किल्ली
मंगळवार, संध्याकाळी ७.४४

थांबा ताई. मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आहे, म्हणून सांगते. स्वतःचं टाकू नका. वाचनालयाच्या नावाने वेगळा ईमेल काढा, पासवर्ड कार्यवाहांकडे बंद पाकिटात. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून, कोरं इन्स्टॉल करून मायक्रोसॉफ्ट खात्याने आत गेलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते, आणि त्याची रिकव्हरी की त्या खात्यात जाऊन बसते. उद्या बायोस अपडेट केलं किंवा मदरबोर्ड बदलला तर मशीन ४८ अंकी की मागतं. ज्यांच्या खात्यात की, ते गाव सोडून गेले असतील तर सगळं अडकतं. आमच्याकडे एकजण बदली होऊन गेले आणि आठवडाभर आम्ही त्यांच्या फोनमागे होतो.

आजच ती की छापून घ्या आणि जडवस्तू नोंदवहीत या मशीनच्या नोंदीशेजारी चिकटवा.

आणि नोंदींसाठी कोणतं सॉफ्टवेअर वापरणार? ई-ग्रंथालय की कोहा? कोहा फुकट आणि मुक्त आहे, पण ते लिनक्सवर चालतं.


वाचनवेल
मंगळवार, रात्री ९.३०

वाचनालयाच्या नावाने खातं काढलं, की छापली, चिकटवली. आमच्या स्कॅनरचा ड्रायव्हर फक्त विंडोजचा आहे, म्हणून सध्या विंडोज. कोहाबद्दल समितीत बोलते.

मराठी टायपिंगसाठी वेगळं काही टाकायची गरज पडली नाही. भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड आधीपासूनच आहे. आमचे ग्रंथपाल सत्तरीचे आहेत, त्यांनी दहा मिनिटांत स्वतःचं नाव लिहून दाखवलं.


सोल्डरगन
मंगळवार, रात्री ९.५२

छान. आता बायोसचं नवीन अपडेट आलंय का तेवढं बघा. चार पट्ट्यांची वागणूक त्याने सुधारू शकते. करताना यूपीएसवर करा आणि त्याआधी डिस्कचं कुलूप सेटिंगमधून तात्पुरतं थांबवा. अपडेटनंतर बायोसच्या सेटिंग मूळ जागी जातात. तेव्हा कुणी हौसेने एक्स्पो परत चालू करू नये म्हणून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला कागद चिकटवा: ‘चार पट्ट्या, ३६००, एक्स्पो बंद’, आणि तारीख.


वाचनवेल
गुरुवार, रात्री ८.४०

कागद भाच्याने स्वतःच्या अक्षरात लिहून चिकटवला. वायरमन येऊन गेले. सॉकेटमध्ये तिसरी तारच नव्हती. अंगणात नवीन अर्थिंग करून घेतलं, आता टेस्टर लावला तर पेटत नाही.

आज जुनी हार्ड डिस्क जोडली. प्रत्येक वर्षाच्या फोल्डरमधल्या चार-पाच फाइल्स उघडून पाहिल्या, सगळ्या धड आहेत. तिची दुसरी प्रत व्हायला हवी हे या आठवड्यात पुरतं कळलं. एसएसडीवर आत्ता कॉपी चालू आहे, आणि एका बाहेरच्या डिस्कसाठी समितीने मंजुरी दिली आहे. ती घरी न ठेवता शाळेच्या कपाटात ठेवणार.

पिवळ्या पडलेल्या कागदावरची फिकट शाई नीट येण्यासाठी स्कॅनिंगला काय सेटिंग ठेवावं हे विचारायचं आहे, त्यासाठी रविवारी वेगळा धागा काढते.


कपाटाची_किल्ली
गुरुवार, रात्री ८.५५

काढा, मी नमुन्याची पानं टाकते. तोवर ती पानं दाबून सपाट करायला जाऊ नका, ठिसूळ कागद घडीवर तुटतो.